काउगर्ल्सचे जुने फोटो अस्सल आहेत का? आधी पाठ बघा, मग चेहरा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. ह्यूस्टनजवळच्या एका इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत, तुम्ही बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यासकट सहा पोस्टकार्डं घेतलीत. सगळ्यांवर रोडिओतल्या, म्हणजे उधळलेले घोडे आणि बैल काबूत आणायच्या अमेरिकन खेळांतल्या, बायका: कुणी उधळलेल्या घोड्यावर, कुणी बैलाच्या शिंगांना लटकलेली, एकात आठ-दहा जणी ओळीने उभ्या. त्याआधी एका दुकानातून घेतलेला मोठा, फ्रेम केलेला फोटोही तुमच्याकडे आहे. त्यात एक बाई घोड्यावरून उलटी फेकली गेली आहे आणि मागच्या चिठ्ठीवर ‘व्हिंटेज फोटोग्राफिक प्रिंट, १९२९’ असं लिहिलंय. हे अस्सल आहेत का, बायका कोण, किंमत किती, मंडळाच्या स्मरणिकेत छापता येतील का, आणि नाशिकच्या घरी नेले तर टिकतील का, हे तुमचे प्रश्न. मी फोटोप्रिंट्सच्या संवर्धनाचं काम करते आणि रोडिओचे फोटो त्यात बरेच येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी निकाल. सहापैकी पाच कार्डं खरी फोटोग्राफिक आहेत, म्हणजे निगेटिव्हवरून थेट फोटोच्या कागदावर उतरवलेली. सहावं छापखान्यात छापलेलं आहे. फ्रेममधला मोठा फोटो मात्र इंकजेट प्रिंट, म्हणजे संगणकाच्या प्रिंटरने शाईत छापलेला आहे, आणि तोही फार जुना नाही. त्यावरची तारीख तर साफ चुकीची आहे.

आमच्या धंद्यात ‘व्हिंटेज प्रिंट’ म्हणजे निगेटिव्ह घेतल्यापासून थोड्याच वर्षांत, शक्यतो फोटोग्राफरने स्वतः किंवा त्याच्या स्टुडिओने काढलेला प्रिंट. त्याच निगेटिव्हवरून तीस-चाळीस वर्षांनी काढला, तर तो नंतरचा प्रिंट. निगेटिव्ह हाताशी नाही म्हणून जुन्या प्रिंटचाच फोटो काढून नवा केला, तर तो कॉपी प्रिंट. आणि स्कॅन करून शाईने छापला, तर त्याला दुकानदार काहीही म्हणो, ती छपाई. दुकानांतल्या चिठ्ठ्यांवर ‘व्हिंटेज’ बहुतेक वेळा प्रसंगाला लावलेलं असतं, कागदाला नव्हे. यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही, पण पैसे मोजताना फरक कळायला हवा.

त्या मोठ्या फोटोवर थोडी थांबते, कारण काउगर्ल्सच्या सगळ्या फोटोंत सर्वांत जास्त विकला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकीचा सांगितला जाणारा फोटो तोच आहे. ती बॉनी मॅकॅरोल. आयडाहोतल्या बॉइसीकडची. फोटो ओरेगॉन राज्यातल्या पेंडलटन गावच्या ‘राउंड-अप’ नावाच्या रोडिओचा, १९१५ सालचा, आणि घोड्याचं नाव सिल्व्हर. डोकं खाली, पाय वर अशी ती हवेत आहे, आणि बघणाऱ्याला वाटतं की आता मान मोडणार. ती त्या दिवशी वाचली आणि पुढे चौदा वर्षं घोडे फिरवत राहिली. १९२२ साली तिने वायोमिंगमधल्या शायॅनचं आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनचं, दोन्हीकडचं बायकांच्या ब्रॉंक रायडिंगचं, म्हणजे उधळणाऱ्या घोड्यावर टिकून राहण्याचं अजिंक्यपद जिंकलं.

ती गेली १९२९ च्या सप्टेंबरमध्ये, त्याच पेंडलटनच्या मैदानात, पण ब्लॅक कॅट नावाच्या दुसऱ्या घोड्यावरून. घोडा तिच्यासकट कोसळला, उठला तेव्हा तिचा पाय रिकिबीत अडकलेला होता आणि ती फरफटत गेली. इस्पितळात काही दिवस झुंजून वारली. त्यानंतर पेंडलटनने बायकांची ब्रॉंक रायडिंग बंद केली. आता होतं असं, की १९२९ ची बातमी आणि १९१५ चा फोटो एकमेकांना चिकटवले जातात. चित्र भीषण, मृत्यू खरा, मग जोडी जमवायला कितीसा वेळ लागतो! तुमच्या चिठ्ठीवर ‘१९२९’ लिहिणाऱ्यानेही तेच केलंय. दुकानदाराला कळवून बघा. पैसे परत मिळोत न मिळोत, पुढच्या गिऱ्हाईकाला तरी खरं सांगितलं जाईल.

आता पोस्टकार्डं. १९०३ मध्ये कोडॅकने थ्री-ए नावाचा घडीचा कॅमेरा काढला. त्याची निगेटिव्ह सव्वातीन बाय साडेपाच इंचांची, म्हणजे पोस्टकार्डाएवढीच. त्यामुळे फोटो मोठा करण्याची भानगड नाही: निगेटिव्ह कागदावर ठेवायची, उजेड द्यायचा, धुवायचं, वाळवायचं, झालं कार्ड. पाठीवर ‘पोस्टकार्ड’ आधीच छापलेला फोटोचा कागदही बाजारात मिळत होता. गावोगावच्या फोटोग्राफरांनी याचं सोनं केलं. रोडिओ तीन-चार दिवस चालायचा. पहिल्या दिवशी टिपलेला फोटो रात्री धुवून दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या दारात विकायला हजर. शिवाय १ मार्च १९०७ पासून अमेरिकेत कार्डाच्या पाठीवर डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता लिहायची मुभा मिळाली, त्यामुळे पुढची बाजू पूर्ण फोटोला मोकळी झाली.

तुम्ही घरी काय तपासायचं ते सांगते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनाराकडे असतं तसं. फोटोतला करडा भाग, म्हणजे आभाळ किंवा घोड्याची पाठ, बघा. खऱ्या फोटोत करडा रंग सलग उतरतो. भिंगाखाली फार तर बारीक रवा दिसतो. छापील कार्डात ठिपक्यांची शिस्तीत मांडलेली जाळी दिसते. इंकजेटमध्ये ठिपके असतात पण विस्कटलेले, आणि काळ्यात मधूनच निळे-गुलाबी कण डोकावतात. तुमच्या मोठ्या फोटोचा कोपरा तुम्ही जवळून काढून पाठवला होतात, त्यात बाईच्या परकराच्या सावलीत हेच कण स्पष्ट आहेत.

दुसरी गोष्ट, फोटोवरची पांढरी अक्षरं. फोटोग्राफर निगेटिव्हवर काळ्या शाईने नाव लिहायचा. तिथून उजेड जायचा नाही, म्हणून प्रिंटवर ती अक्षरं कोरी पांढरी उमटतात. भिंगाखाली त्यांच्या कडा धारदार असतात, बोरूच्या टोकाचा जाड-बारीकपणाही दिसतो. कॉपी प्रिंटमध्ये हीच अक्षरं जराशी पसरलेली, फुगलेली दिसतात, घोड्याच्या पोटाखालची सावली काळीकुट्ट होते आणि तपशील बुजतो. सगळ्यांत मोठी खूण म्हणजे फोटोत घडी दिसते पण बोटाला लागत नाही. ती घडी दुसऱ्याच कुठल्या तरी कार्डाची आहे, इथे तिचा फक्त फोटो आलाय.

तिसरं, पाठ. उजव्या वरच्या कोपऱ्यात तिकीट लावायचा चौकोन असतो आणि त्यात कागदाच्या जातीचं नाव: अ‍ॅझो, व्हेलॉक्स, सायको, क्रक्सो वगैरे. अ‍ॅझोच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चारही त्रिकोण वर टोक केलेले असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला. दोन वर आणि दोन खाली असतील तर १९१८ ते १९३०. त्रिकोणांऐवजी छोटे चौकोन असतील तर १९२५ नंतरचा. तुमच्या पाचांपैकी दोनांवर चार त्रिकोण वर आहेत, दोनांवर दोन वर-दोन खाली, आणि ओळीने उभ्या असलेल्या बायकांच्या कार्डावर चौकोन. मात्र एक लक्षात असू द्या: यातून कागदाचं वय कळतं, प्रसंगाचं नाही. चांगली खपणारी निगेटिव्ह फोटोग्राफर वर्षानुवर्षं वापरायचे. १९१९ चा प्रसंग १९३० च्या कागदावर मिळाला म्हणून तो खोटा ठरत नाही, फक्त थोडा स्वस्त होतो.

चौथी चाचणी अतिनील टॉर्चची. नोटा तपासायला दुकानात ठेवतात तो चालतो. अंधारात कार्डावर मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर तो साधारण १९५० च्या दशकानंतरचा, कारण कागद शुभ्र दिसावा म्हणून रसायनं घालणं तेव्हा सुरू झालं. चमकला नाही तर लगेच पेढे वाटू नका. आजही अशी रसायनं न घातलेला सुती कागद मिळतो. ही चाचणी खोट्याला पकडते, खऱ्याला प्रमाणपत्र देत नाही.

तुमच्या तीन कार्डांवर ‘डबलडे’ अशी सही आहे. राल्फ डबलडे, आयोवा राज्यातल्या काउन्सिल ब्लफ्सचा. १९१० साली शायॅनमध्ये घोड्यावरून फेकल्या जाणाऱ्या स्वाराला त्याने हवेत असतानाच टिपलं आणि तिथून त्याचं नाव झालं. पुढची चाळीसेक वर्षं तो रोडिओच्या मागे गावोगाव फिरला. त्याची कार्डं वुलवर्थसारख्या स्वस्त मालाच्या दुकानांतून खपायची. त्याचा मोठा संग्रह आज ओक्लाहोमा सिटीतल्या नॅशनल काउबॉय अँड वेस्टर्न हेरिटेज म्युझियममध्ये आहे आणि त्यातलं बरंच ऑनलाइन बघता येतं. तुमची कार्डं तिथे जुळवून बघा, निम्मं काम घरबसल्या होईल.

पेंडलटनचे फोटो असतील तर वॉल्टर बोमन आणि मेजर ली मूरहाउस ही दोन नावं शोधा. मूरहाउस व्यवसायाने फोटोग्राफर नव्हता, पण त्याने हजारो काचेच्या निगेटिव्ह मागे ठेवल्या. मला तो डबलडेपेक्षा जास्त आवडतो. डबलडेला नेमका क्षण कळायचा. मूरहाउसला क्षणाच्या आजूबाजूचं दिसायचं, कुंपणावर बसलेली पोरं, तंबू, वाट बघणारे घोडे. राउंड-अपमध्ये आसपासच्या युमाटिला, कायूस, वॉला वॉला जमातींच्या बायकाही घोड्यांच्या शर्यतीत उतरायच्या. त्यांच्या कार्डांवर सहसा नाव नसतं, आणि त्या शर्यतीला जो शब्द वापरलेला असतो तो आज शिवी मानला जातो. अशी कार्डं दिसली तर मी आधी ती उचलेन. गोऱ्या काउगर्ल्सचा इतिहास बराचसा लिहून झालाय. या बायकांची नावं जुळवायचं काम अजून बरंच बाकी आहे.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण पडायला हवा: इतके पडण्याचेच फोटो का? साधं कारण आहे. चांगल्या स्वारीत घोड्याचं डोकं खाली, बाईचं हनुवटीपर्यंत टोपीखाली, धुळीत कुणाचाच चेहरा दिसत नाही. पडताना मात्र सगळं उघड होतं: चेहरा, हात, परकर, आकाश. दूरवरचं टिपणाऱ्या भिंगांची सोय नव्हती, त्यामुळे फोटोग्राफर मैदानातच, घोड्यापासून काही पावलांवर उभा असायचा. ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत उघडझाप करायचा, म्हणून हवेतलं माणूस स्थिर पकडता यायचं. आणि गिऱ्हाईक पडण्याला पैसे देत होतं. आठ सेकंद, दहा सेकंद मांड न सुटता बसलेली बाई पोस्टकार्डावर तितकीशी खपत नव्हती. म्हणून आज उरलेल्या कार्डांवरून या बायका सारख्या पडतच होत्या असा समज करून घेऊ नका.

उदाहरण घ्यायचं तर फॅनी स्पेरीचं घ्या. मॉंटानातल्या हेलेनाजवळची, जन्म १८८७. १९१२ साली कॅनडातल्या कॅलगरीच्या पहिल्या स्टॅम्पीडमध्ये, म्हणजे तिथल्या रोडिओत, तिच्या वाट्याला रेड विंग नावाचा घोडा आला, ज्याने काहीच दिवस आधी एका स्वाराचा जीव घेतला होता. तिने तो घोडा बसून काढला आणि ‘जगज्जेती’ ठरली. बक्षीस हजार डॉलर, खोगीर आणि सोन्याचं बक्कल. त्या स्टॅम्पीडला कॅनडाचा गव्हर्नर जनरल ड्यूक ऑफ कनॉट हजर होता. हा तोच, जो १८८६ ते १८९० मुंबई लष्कराचा सरसेनापती होता. पुण्यातल्या जुन्या लोकांना कनॉट हाउस आठवत असेल. असो. फॅनीचं नाव बॉनीइतकं पोस्टरवर दिसत नाही, कारण तिचा पडतानाचा तसा फोटो नाही.

फॅनीची दुसरी खासियत तुम्हाला कार्डं ओळखायला उपयोगी पडेल. घोड्याच्या पोटाखाली बघा. त्या काळी बायकांना दोन्ही रिकिबी पोटाखालून पट्ट्याने एकमेकींना बांधून घ्यायची मुभा होती. पाय स्थिर राहतात, मांड सुटत नाही. पण घोडा पडला तर पाय काढून उडी मारता येत नाही. बॉनीच्या शेवटच्या स्वारीत रिकिबी अशाच बांधलेल्या होत्या. फॅनी मोकळ्या रिकिबींवर बसायची. फोटो चांगला असेल तर तंगाच्या, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटपट्ट्याच्या, मागेपुढे दुसरा पट्टा दिसतो. घोडा हवेत असूनही रिकिबी बाहेर झोकलेल्या नसतात, पोटाला चिकटून असतात. दोन हातांत दोन लगाम दिसले तर तीही बायकांना असलेली सवलत. तुमच्या दुसऱ्या कार्डात घोड्याची उजवी बाजू आपल्याकडे आहे आणि पट्टा कुठेच दिसत नाही, रिकीब खांद्यापर्यंत पुढे गेलीय. त्या कार्डावर नाव नाही, पण ही बाई मोकळ्या रिकिबींवर बसणाऱ्या मोजक्या जणींपैकी आहे एवढं नक्की.

नावं वाचताना जरा सांभाळून. या बायकांची नावं लग्नानुसार बदलत आणि काहींची तर मुळात धंद्यासाठीच ठेवलेली असत. फ्लॉरेन्स ला ड्यू, जिने १९१२ ला कॅलगरीत दोरफेकीच्या करामतींत लुसील मलहॉलला मागे टाकलं, तिचं खरं नाव ग्रेस बेन्सेल. टॅड लुकसचं पाळण्यातलं नाव बार्बरा बार्न्स. पण याचा फायदाही होतो. फॅनीचं लग्न १९१३ चं, म्हणून कार्डावर ‘फॅनी स्पेरी स्टील’ असेल तर मथळा त्यानंतरचा. टॅडचं बक लुकसशी लग्न १९२४ चं, तेव्हा ‘टॅड लुकस’ लिहिलेलं कार्ड १९२४ च्या आधीचं असूच शकत नाही, विकणारा काहीही म्हणो. तुमचं टॅडचं कार्ड तिच्या ऐन बहरातलं असणार. धावत्या घोड्याच्या पोटाखालून जाऊन दुसऱ्या बाजूने वर येण्यासाठी ती प्रसिद्ध होती. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने ठेवलेला दहा हजार डॉलरचा चांदीचा करंडक तिने १९२८, १९२९ आणि १९३० असा लागोपाठ जिंकून कायमचा आपला केला.

बैलाच्या शिंगांना लटकलेली ती फॉक्स हेस्टिंग्ज. पळत्या घोड्यावरून बैलावर झेप घ्यायची, शिंगं धरून मान पिरगळायची आणि त्याला आडवा करायचा. या खेळात स्पर्धेला उतरलेली पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात, आणि ही सुरुवात तिने १९२४ साली तुमच्याच ह्यूस्टनमध्ये केली. तिच्या कितीतरी फोटोंत बैल आडवा, ती चिखलात, आणि चेहरा कॅमेऱ्याकडे करून छान हसतेय. हे हसू आपोआप आलेलं नाही. जाहिरातीचा भाग होता तो, आणि फोटोग्राफरला कुठे उभं राहायचं हे आधीच ठाऊक असायचं. चौथं कार्ड मेबल स्ट्रिकलंडचं. तिच्याबद्दल लिहायला बसले तर रात्र होईल. एवढंच सांगते की दोरीने बैल पाडण्यात ती पुरुषांच्या बरोबरीची होती आणि तरी वर्तमानपत्रं तिच्या दिसण्यावरच रकाने भरायची.

नाव नसलेल्या ओळीतल्या बायकांचं काय? कपडे बघा. चामड्याचा झालरी लावलेला, मधून चिरलेला परकर आणि केसांत मोठी रिबनची फीत म्हणजे १९१० चं दशक. साटीनच्या फुगीर तुमानी आणि रेशमी कमरपट्टे म्हणजे १९२० च्या आसपास. घट्ट बसणाऱ्या पँट त्यानंतर. व्हेरा मॅगिनिसने १९२७ ला फोर्ट वर्थमध्ये पँट घालून उतरायची पहिली हिंमत केली असं मानतात. तुमच्या ओळीत दोघी तुमानीत, बाकीच्या पँटमध्ये आहेत, म्हणजे १९२० च्या दशकाची अखेर किंवा १९३० च्या दशकाची सुरुवात. कागदही तेच सांगतो. मागे लाकडी प्रेक्षागृह आहे. ते पेंडलटनचं असेल तर फोटो १९४० च्या आधीचा, कारण त्या वर्षी ते आगीत गेलं.

१९३० नंतर ही कार्डं विरळ होत जातात. बॉनीच्या मृत्यूच्याच वर्षी रोडिओ भरवणाऱ्यांची संघटना उभी राहिली आणि बायकांच्या स्पर्धांना तिच्या यादीत जागा मिळाली नाही. मग मंदी, मग युद्ध. बायका मैदानात उरल्या त्या बऱ्याचशा मिरवणुकीत झेंडा धरायला. १९४८ मध्ये टेक्सासच्या सॅन अँजेलोमध्ये ३८ जणींनी एकत्र येऊन स्वतःची संघटना काढली तेव्हा चित्र पुन्हा बदलायला लागलं, पण तोवर पोस्टकार्डाचा जमाना ओसरला होता.

किंमत. डबलडेची कार्डं भरपूर छापली गेली, त्यामुळे साधारण स्थितीतलं, ओळखीच्या नावाचं कार्ड दोन आकडी डॉलरांतच जातं. नाव, गाव, वर्ष आणि फोटोग्राफर या चारही गोष्टी पक्क्या असतील तर भाव चढतो. बाईची स्वतःची सही असेल तर आणखी. पाठीवर तिकीट, शिक्का आणि मजकूर असलेलं वापरलेलं कार्ड काहींना नको असतं; मला विचाराल तर तेच घ्यावं. तुमच्या तिसऱ्या कार्डावर शायॅनचा शिक्का आहे आणि कुणीतरी आईला लिहिलंय. फोटोची तारीख त्यापेक्षा पुढची असू शकत नाही, इतका स्वस्त पुरावा दुसरा नाही.

स्मरणिकेत छापण्याबद्दल: प्रिंट तुमच्या मालकीचा झाला म्हणून छापायचा हक्क मिळत नाही, ते दोन वेगळे. पण अमेरिकेत त्या काळात प्रसिद्ध झालेल्या फोटोचं संरक्षण जास्तीत जास्त ९५ वर्षांचं असतं, त्यामुळे १९१० च्या दशकातली आणि १९२० च्या पूर्वार्धातली तुमची कार्डं निर्धास्त छापा. ओळीतल्या बायकांचं कार्ड मात्र सीमेवर आहे, ते या अंकात टाळलेलं बरं. छापाल तिथे फोटोग्राफरचं नाव द्या, आणि स्कॅन मोठ्या फोटोचा करू नका, कार्डांचाच करा, १२०० डीपीआयला, पुढची-मागची दोन्ही बाजू.

आता नाशिक. हवा मुंबईपेक्षा नक्कीच बरी, पण श्रावणात तिथेही भिंती घाम धरतात. फोटोचा थर जिलेटिनचा असतो आणि कसर तो आवडीने खाते. बुरशीलाही तो चालतो. प्रत्येक कार्ड पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. पीव्हीसीचे अल्बम नकोत, ते वर्षा-दोन वर्षांत चिकट होतात. पाकिटं आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, पेटी कपाटात, कपाट बाहेरच्या भिंतीपासून सुटं. पत्र्याचा डबा आठवण म्हणून वेगळा ठेवा. त्याचा गंज एका कार्डाच्या कडेला आधीच लागलाय. गडद भागांवर जी चंदेरी-निळसर झाक दिसते ती चांदी वर आल्यामुळे आहे. ती फडक्याने पुसू नका, वयाची ती चांगली खूण आहे. भिंतीवर लावायचा तर तो इंकजेट लावा, चिठ्ठी तेवढी बदलून. अस्सल कार्डं उन्हात टांगायची नाहीत.

एका कार्डाच्या पाठीवर जुना सेलोटेप आहे. तो ओढू नका, केस वाळवायच्या मशीनची गरम हवाही देऊ नका; कागदाचा थर सोबत निघून येईल. नाशिकला पोचल्यावर करायचं असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे आधी फोटो पाठवून विचारा. आणि इस्टेट सेलची पावती कार्डांबरोबरच भारतात न्या. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर आपल्याकडे कायद्याने निर्बंध आहेत. उद्या ही कार्डं परत ह्यूस्टनला न्यायची वेळ आली, तर ती मुळात बाहेरून आणली होती हे दाखवायला ती पावती लागेल.